शिकायला घराबाहेर पडलेल्या मुलींच्या पाळीचे अंतर का बदलते?

सुखनिवास

भंवरकुआं भागातील आमच्या घराचे वरचे मजले शिकायला आलेल्या मुलींना राहायला दिलेले आहेत. खरगोन, खंडवा, बुऱ्हाणपूर, सेंधवा अशा गावांतून त्या इंदूरला येतात. कुणी राज्यसेवेची तयारी करते, कुणी वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची. पावसाळ्याच्या सुरुवातीला आलेली मुलगी दिवाळीच्या सुमारास संकोचत विचारते, "काकू, या महिन्यात आलीच नाही, असे होते का?" घरी असताना महिन्याच्या महिन्याला येणारी पाळी इथे चाळीस दिवसांवर जाते, एखादीची दोन-दोन महिने येत नाही, तर एखादीला तीन आठवडे होण्याआधीच पुन्हा येते. हे इतक्या मुलींच्या बाबतीत आणि इतकी वर्षे पाहत आले आहे की, हा निव्वळ योगायोग आहे असे मला वाटत नाही.

आईला फोनवर सांगितले की, "लग्न झाले की सगळे सुरळीत होते" हे उत्तर मिळते. आजीकडून पपई आणि तीळगुळाचा उपाय येतो. खोलीतली मैत्रीण सांगते, "तुला पीसीओडी असणार," म्हणजे अंडाशयांचा आणि संप्रेरकांचा तो बहुचर्चित विकार. या तिन्ही उत्तरांत त्या मुलीला कुणी काही विचारलेलेच नसते. किती बदल स्वाभाविक मानावा, कोणत्या बदलामागे कारण शोधावे आणि डॉक्टरांकडे केव्हा जावे, हे कुणी नीट समजावून सांगितले तर मी ते माझ्याकडच्या मुलींना वाचायला देईन. आपल्या या मंडळात दोन-तीन डॉक्टर आहेत, त्यांना विशेष विनंती.

कान्हकाठ

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे आणि हा प्रश्न माझ्या बाह्यरुग्ण विभागात रोज येतो, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी मोजण्याविषयी, कारण निम्मी भीती चुकीच्या मोजणीतून निर्माण झालेली असते. रक्तस्रावाच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या रक्तस्रावाच्या पहिल्या दिवसापर्यंत जितके दिवस जातात, ते पाळीचे अंतर. पुष्कळ मुली, आणि त्यांच्या आयाही, स्राव थांबल्यापासून मोजतात. स्राव पाच दिवस चालत असेल आणि थांबल्यानंतर २२ दिवसांनी पुन्हा पाळी आली, तर अंतर २७ दिवसांचे झाले आणि त्यात काहीही बिघडलेले नाही. पण मुलगी मात्र "बावीस दिवसांतच येते" म्हणून घाबरलेली असते.

दुसरी गोष्ट २८ या आकड्याची. तो शाळेच्या पुस्तकातून डोक्यात बसलेला आहे. मोबाइल ॲपवर नोंदवलेल्या सहा लाखांहून अधिक पाळ्यांचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सरासरी अंतर २९.३ दिवस निघाले आणि बरोबर २८ दिवसांचे चक्र असणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण सुमारे १३ टक्केच होते. स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिगोने, २०१८ मध्ये प्रौढ स्त्रीसाठी २४ ते ३८ दिवस ही स्वाभाविक कक्षा मानली आहे. सुखनिवासताईंच्या मुलींसाठी त्यातला पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे: १८ ते २५ या वयात वर्षभरातील सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या चक्रात नऊ दिवसांपर्यंत फरक पडला तरी ती पाळी नियमितच समजतात, तर पुढे २६ ते ४१ या वयात ही सूट सात दिवसांची होते. म्हणजे एखाद्या विद्यार्थिनीची पाळी २७, ३३, २९, ३५ दिवसांनी आली, तर ती अनियमित नाही, कारण लहानमोठ्यातला फरक आठच दिवसांचा आहे.

न्हाण आल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत कक्षा आणखी रुंद असते, २१ पासून ४५ दिवसांपर्यंत. मेंदूतील हायपोथॅलॅमस, त्याखालची पिट्युटरी ग्रंथी आणि अंडाशय यांचा मेळ बसायला वेळ लागतो. तोवर पुष्कळ चक्रांत स्त्रीबीज सुटतच नाही. बीज सुटले नाही म्हणून प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार होत नाही, गर्भाशयाचे अस्तर वाढत राहते आणि उशिरा, पण भरपूर स्राव होतो. तिसऱ्या वर्षापर्यंत बहुतेकींचे अंतर प्रौढ स्त्रीच्या जवळपास येते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९३४ पासून स्त्रियांच्या पाळीच्या नोंदी वर्षानुवर्षे गोळा केल्या गेल्या. त्यांवर ट्रेलोर आणि सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातही न्हाण आल्यानंतरची आणि पाळी जाण्याआधीची वर्षे सर्वांत अस्थिर असल्याचे दिसले होते. ज्या काळात मोबाइल नव्हता, बाहेरचे खाणे आजच्याइतके नव्हते, त्या काळातल्या या नोंदी आहेत. "हल्लीच्या मुलींचेच असे" म्हणणाऱ्यांनी त्या लक्षात घ्याव्यात.

निमाडची

डॉक्टर, मी स्वतः अशीच एक मुलगी आहे, वय १९. घरी असताना पाळी साधारण महिन्याने येत असे. इंदूरला आल्यापासून ती कधी ४० दिवसांनी येते, कधी त्याहूनही उशिरा. सकाळच्या वर्गामुळे नाश्ता होत नाही, मेसचा डबा दुपारी गार झालेला असतो, रात्री दोनपर्यंत अभ्यास चालतो. वजनही बरेच उतरले आहे. मला दोन शंका आहेत. पहिली अशी की, सगळे म्हणतात परीक्षेच्या ताणामुळे पाळी पुढे जाते. पण माझी पाळी परीक्षा संपून मी निवांत झाल्यावर लांबली. मग ताणाचा संबंध कसा लावायचा? दुसरी शंका अशी की, एका तपासणी केंद्रात सवलतीच्या दरात सोनोग्राफी करून घेतली, तिच्या अहवालात दोन्ही अंडाशयांत अनेक लहान गाठी असल्याचे लिहिले आहे आणि तिथेच मला पीसीओडी असल्याचे सांगण्यात आले. तेव्हापासून अभ्यासात लक्ष लागत नाही. मला मूल होणार नाही का?

कान्हकाठ

पहिल्या शंकेत तुम्ही फार नेमके निरीक्षण नोंदवले आहे आणि त्याचे उत्तर पाळीच्या रचनेतच आहे. चक्राचे दोन भाग असतात. पाळीपासून बीज सुटेपर्यंतचा पहिला भाग आणि बीज सुटल्यापासून पुढच्या पाळीपर्यंतचा दुसरा. जपानमध्ये ओगिनो आणि ऑस्ट्रियात क्नाउस यांनी गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात स्वतंत्रपणे दाखवून दिले की, दुसरा भाग बहुतेक ठराविक लांबीचा, दोन आठवड्यांच्या आसपास, असतो. कमी-जास्त होतो तो मुख्यतः पहिला. तेव्हा पाळी दहा दिवस लांबली याचा अर्थ बहुधा इतकाच की, बीज दहा दिवस उशिरा सुटले. म्हणून कारण शोधायचे ते पाळी चुकली त्या आठवड्यात नव्हे, तर त्याच्या दोन, तीन, कधी चार आठवडे मागे. परीक्षेच्या आधीची जागरणे आणि उपासमार यांनी बीज सुटणे पुढे ढकलले आणि त्याचा परिणाम तुम्हाला परीक्षा संपल्यावर दिसला. याउलट बीज सुटून गेल्यानंतर आलेल्या ताणाने त्या महिन्याच्या तारखेत सहसा मोठा फरक पडत नाही.

ताणापेक्षाही मी तुमच्या उतरलेल्या वजनाकडे अधिक लक्ष देईन. शरीराला मिळणारी ऊर्जा गरजेपेक्षा कमी पडू लागली की, हायपोथॅलॅमसकडून जे संप्रेरक ठराविक ठेक्याने सुटते, त्याचा ठेका मंदावतो. पिट्युटरीला पुरेसा इशारा मिळत नाही आणि बीज तयार होण्याचे काम लांबणीवर पडते. गर्भारपण पोसण्याइतका साठा नाही, असे शरीराने ठरवल्यासारखे ते असते. यासाठी मुलगी हाडकुळी असावी लागते असे नाही. अंगाने भरलेल्या मुलीनेही थोड्या महिन्यांत झपाट्याने वजन उतरवले तर हेच होते. हे बरेच महिने चालले तर इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या कमतरतेने हाडांची घनता घटते, आणि हाडे भरण्याचे वय नेमके हेच असते. त्यामुळे नाश्ता सोडणे ही किरकोळ बाब समजू नका. सकाळी वर्गाला जाताना पोहे-जिलबी घेणारी मुलगी न खाता जाणारीपेक्षा बरी. सोबत उसळ, अंडे, दूध किंवा शेंगदाणे असतील तर उत्तमच.

आता सोनोग्राफी. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार पहिली पाळी येऊन आठ वर्षे होईपर्यंत सोनोग्राफीवरून पीसीओएसचे, म्हणजे तुम्हाला सांगितलेल्या पीसीओडीचेच, निदान करू नये, कारण या वयातल्या निरोगी अंडाशयातही पुष्कळ लहान पुटिका दिसतात. त्या गाठी नसतात, वाढीच्या निरनिराळ्या टप्प्यांवरची बीजेच असतात. तुमची पाळी तेराव्या वर्षी सुरू झाली असेल तर ती आठ वर्षे अजून झालेली नाहीत. या वयात निदानासाठी दोन्ही गोष्टी लागतात: पाळी खरोखर अनियमित असणे, आणि पुरुषी संप्रेरकांचे प्रमाण वाढल्याची लक्षणे किंवा तसा रक्ताचा अहवाल. हनुवटीवर, छातीवर, बेंबीखाली जाड केस येणे, हट्टी मुरुमे, माथ्यावरचे केस विरळ होणे ही ती लक्षणे. त्याआधी थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन (दूध निर्माण करणारे संप्रेरक) यांचे दोष नाहीत याची खात्री करून घ्यावी लागते. तुमच्या हकिगतीवरून मला वजन आणि आहार हे कारण अधिक संभवनीय वाटते. पीसीओएस असलाच तरी "मूल होणार नाही" हा त्याचा अर्थ मुळीच नाही. तो विकार असलेल्या बहुतांश स्त्रियांना, काहींना औषधांच्या मदतीने, मुले होतात. एकोणीस वर्षांच्या मुलीच्या हातात तपासणीशिवाय असा कागद देणे मला अतिशय अनुचित वाटते.

तुकोगंज

माझे वय ७४ आहे आणि या विषयावर उघडपणे लिहिण्याची आम्हाला सवय नाही. तरीही चर्चा संयमाने चालली आहे म्हणून लिहिते. आमच्या लहानपणी पाळी मागेपुढे झाली तर आई जिरे-ओव्याचा काढा देत असे, चार दिवस बाजूला बसल्यामुळे विश्रांती मिळत असे, आणि कोणाचे काही अडले नाही. आता प्रत्येक गोष्टीची तपासणी होते. माझ्या नातीच्या मनात या साऱ्याने भीतीच अधिक भरली आहे. पपई, तीळ, गूळ यांना सरसकट निकालात काढू नये, असे मला वाटते.

सुखनिवास

मावशी, तुम्ही लिहिलेत हे फार चांगले झाले, कारण मुली आधी आजीलाच विचारतात. विश्रांतीबद्दल तुमचे म्हणणे मला पटते. माझ्याकडच्या मुलींना पाळीच्या दिवसांतही चार-चार तास वर्गात बसावे लागते आणि त्याचे कुणाला काही वाटत नाही. तीळगूळही खुशाल खावा. माझी हरकत एवढीच आहे की, काढा देऊन वाट पाहण्यात महिने जातात. मागे एका मुलीची पाळी चार महिने आली नव्हती आणि घरचे दर महिन्याला नवा घरगुती उपाय कळवत होते. शेवटी रक्त तपासले तेव्हा थायरॉईडचे काम मंदावलेले निघाले आणि गोळी सुरू झाल्यावर पाळी पुन्हा येऊ लागली. पपईने तिचे काही वाईट झाले नसते, पण थायरॉईडही बरे झाले नसते.

औषधपेढी

आमचे औषधांचे दुकान आहे. चर्चेत न आलेला एक मुद्दा मांडतो. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात, विशेषतः महालक्ष्म्या बसायच्या असतात त्या घरांतून, पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांची मागणी फार वाढते. नंतर नवरात्र, मग लग्नसराई. पुष्कळदा आई किंवा सासू येते, कधी घरातला लहान मुलगा चिठ्ठी घेऊन येतो. डॉक्टरांचे पत्र क्वचितच असते. आम्ही पत्राशिवाय देत नाही, तर लोक नाराज होऊन पुढच्या दुकानात जातात. पुढे त्याच मुलीची पाळी विस्कटली की दोष मेसच्या जेवणाला दिला जातो. या गोळ्यांविषयी डॉक्टरांनी लिहावे.

कान्हकाठ

या गोळ्यांत बहुधा नॉरएथिस्टेरॉन असते. ते प्रोजेस्टेरॉनसारखे काम करते. पाळीच्या अपेक्षित तारखेआधी तीन दिवस ती सुरू करतात, अस्तर टिकून राहते आणि गोळी थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत स्राव सुरू होतो. डॉक्टरांनी पाहून, कधीतरी एकदा दिली तर निरोगी मुलीला तिचा कायमचा अपाय होत नाही. मात्र जिला किंवा जिच्या जवळच्या नातलगांना रक्ताची गुठळी होण्याचा त्रास झालेला आहे, जिला यकृताचा आजार आहे, जिला अर्धशिशीच्या वेळी डोळ्यांपुढे प्रकाशाच्या रेषा दिसतात, तिने ती विचारल्याशिवाय घेणे धोक्याचे आहे. आणि जिची तारीखच अनिश्चित आहे, तिच्या बाबतीत "तीन दिवस आधी" कुठून मोजणार? मग गोळी उशिरा सुरू होते, मधेच डाग पडतात, घाबरून मात्रा वाढवली जाते. सणापाठोपाठ सण आले आणि प्रत्येक वेळी गोळी घेतली, तर त्या चार-पाच महिन्यांची नोंद निदानासाठी निरुपयोगी ठरते, कारण ती मुलीची पाळी नसते, गोळीची असते. तातडीच्या गर्भनिरोधक गोळीनेही त्या चक्राची तारीख पुढे किंवा मागे सरकते.

देवघरातल्या नियमांवर मी मत देणार नाही, तो प्रत्येक घराचा प्रश्न आहे. परंतु मुलीच्या शरीरात जाणारी गोळी तिला न विचारता ठरवली जाऊ नये, एवढे मी आवर्जून म्हणेन.

औषधांचाच विषय निघाला आहे म्हणून आणखी एक. वसतिगृहातल्या मुली पित्तासाठी जी कॅप्सूल रोज सकाळी घेतात, तिच्यात अनेकदा डोम्पेरिडोन हे मळमळीवरचे औषध मिसळलेले असते. त्याने प्रोलॅक्टिन वाढते, पाळी लांबते, क्वचित छातीतून दुधासारखा स्रावही येतो. काही मानसिक आजारांवरच्या औषधांनीही हे घडते. ती मात्र आपल्या मनाने कधीही बंद करू नयेत, लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलावे. तेव्हा "कोणते औषध चालू आहे का?" या प्रश्नाला "नाही, फक्त पित्ताची गोळी" असे उत्तर आले की मी तिचे पाकीट पाहायला मागते.

सयाजीबाग

मी वडोदऱ्याहून लिहीत आहे. इथल्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवते. आतापर्यंत चर्चा लांबलेल्या पाळीभोवती फिरली, पण माझ्या वर्गात मला अधिक काळजी वाटते ती लवकर लवकर आणि भरपूर स्राव होणाऱ्या मुलींची. दर वीस दिवसांनी पाळी आणि प्रत्येक वेळी आठ-नऊ दिवस स्राव, असे असूनही मुलगी ते सांगत नाही, कारण "माझी तर चुकत नाही" असे तिला वाटते. जिना चढताना धाप लागणे, खडू किंवा माती खावीशी वाटणे, लक्ष न लागणे ही पुढची लक्षणे आम्हाला दिसतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींत रक्तक्षय आढळला होता. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी पुष्कळ मुली मळमळते म्हणून टाकून देतात. जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवे. वहीत तारखेबरोबर दिवसाला किती पॅड लागले हेही लिहावे, असे मी मुलींना सांगते.

कान्हकाठ

सयाजीबाग यांचा मुद्दा फार मोलाचा आहे. एकेक तासाला पॅड पूर्ण भिजणे आणि असे लागोपाठ काही तास चालणे, मोठ्या गाठी पडणे, आठ दिवसांहून अधिक स्राव होणे, यांपैकी काहीही असेल तर थांबू नये. पहिल्याच पाळीपासून असा स्राव असेल, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येत असेल, तर रक्त गोठण्याचा जन्मजात दोष आहे का हेही पाहावे लागते.

निमाडची

तुमच्या उत्तराने मन पुष्कळ हलके झाले. माझ्या खोलीतल्या मुलीची शंका विचारते. कोविडची लस घेतल्यानंतर आपली पाळी कायमची बदलली, असे तिचे ठाम मत आहे. हे शक्य आहे का?

कान्हकाठ

अमेरिकेत जवळपास चार हजार स्त्रियांच्या नोंदी तपासून २०२२ मध्ये याचे उत्तर दिले गेले: लसीच्या चक्रात पाळी सरासरी एका दिवसाहूनही कमी लांबली आणि स्रावाच्या दिवसांत फरक पडला नाही. तो तात्पुरता परिणाम इतक्या वर्षांनी टिकून राहण्याचे कारण नाही. तिची पाळी आजही अनियमित असेल तर आजचे कारण शोधावे. सारा दोष लसीवर टाकला की तो शोध थांबतो.

सुखनिवास

शेवटची विनंती. कोणत्या वेळी जायचे आणि जाताना काय न्यायचे, हे एकत्र सांगाल का? मुली एकट्या जायला घाबरतात, आणि तिथे "लग्न झाले आहे का?" या पहिल्याच प्रश्नाने गप्प होतात.

कान्हकाठ

पाळी सुरू होऊन वर्ष उलटल्यानंतर कोणत्याही एका वेळी ९० दिवस पाळी आली नाही, तर एवढ्यावरच डॉक्टरांकडे यावे. तीन वर्षे उलटून गेलेल्या मुलीचे अंतर वारंवार २१ दिवसांहून कमी किंवा ३५ हून अधिक राहत असेल, किंवा वर्षात आठपेक्षा कमी पाळ्या येत असतील, तरीही यावे. आजवर नियमित असलेली पाळी अचानक बदलून तीन-चार चक्रे तशीच राहिली, स्राव अगदी नावापुरता होऊ लागला, बारीक ताप आणि वजन घटणेही सोबत असेल, तर आपल्याकडे गर्भाशयाचा क्षयरोगही लक्षात ठेवावा लागतो. पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पाळी सुरूच झाली नसेल, तर तेही तपासायला हवे. इंदूरमध्ये एम. वाय. आणि एम. टी. एच. या सरकारी रुग्णालयांत स्त्रीरोग विभाग आहे. तिथे जायला संकोच वाटू नये.

येताना गेल्या सहा महिन्यांच्या पहिल्या दिवसांच्या तारखा, चालू औषधांची पाकिटे, वजन कधी आणि किती बदलले, आई-बहिणींना थायरॉईड किंवा मधुमेह आहे का, एवढे लिहून आणावे. लग्नाचा प्रश्न खरे तर गर्भधारणेची शक्यता जाणून घेण्यासाठी असतो आणि तो अधिक सरळ शब्दांत, इतरांना बाजूला ठेवून विचारला गेला पाहिजे, ही आम्हा डॉक्टरांची जबाबदारी आहे. शक्यता असेल तर मुलीने ती मोकळेपणाने सांगावी, कारण लांबलेल्या पाळीत लघवीची ती साधी तपासणी सर्वांत आधी करायची असते. आतून तपासणी अशा तक्रारीत बहुतेक वेळा लागत नाही. भीती वाटत असेल तर तसे आधीच सांगावे. सोबत आई हवीच असे नाही, काकू चालतील, मैत्रीणही चालेल.

रक्ताच्या तपासण्यांपैकी थायरॉईडची आणि हिमोग्लोबिनची दिवसात केव्हाही देता येते. प्रोलॅक्टिन मात्र झोपेत आणि घाबरल्यावर वाढते. त्यासाठी उठल्यानंतर दोन-तीन तास जाऊ द्यावेत आणि रक्त देण्याआधी थोडा वेळ शांत बसावे.